विधेयकाची चिकित्सा : संसदीय समिती, कायदाबदल आणि महाविद्यालयांचा जमाखर्च

कायदा आपल्या व्यवसायापर्यंत बहुधा राजपत्राच्या रूपाने पोहोचतो. नोंदणीचे नियम बदलले, महाविद्यालयाच्या मान्यतेचे निकष बदलले, औषधनिर्मितीच्या परवान्यात नवी अट आली, की मग सभा भरतात, निषेधाचे ठराव होतात, मंत्रिमहोदयांना निवेदने दिली जातात. परंतु तोवर कल्प सिद्ध झालेला असतो. सिद्ध झालेल्या कल्पातून एखादे द्रव्य वेगळे काढता येत नाही. ते घालावे की घालू नये, किती प्रमाणात घालावे, याचा विचार पाकापूर्वीच करावा लागतो. संसदेच्या कामकाजात हा विचार जेथे होतो ते स्थान म्हणजे संसदीय समिती. ‘सिलेक्ट कमिटी’ला मराठीत ‘चिकित्सा समिती’ असा प्रतिशब्द रूढ आहे, आणि वैद्यसमाजाला तरी तो परका वाटू नये.

गेल्या दहा वर्षांत वैद्यकीय शिक्षणाचे केंद्रीय कायदे मुळापासून बदलले. आधुनिक वैद्यकाची जुनी परिषद गेली, आपली केंद्रीय परिषदही गेली, आणि दोहोंच्या जागी आयोग आले. या सर्व घडामोडींत संसदीय समितीने नेमके काय केले, महाविद्यालयांच्या शुल्काविषयी व दंडाविषयी तिने काय पालटले, आणि यापुढे अशी संधी आली तर आपल्या व्यवसायाने काय सिद्धता ठेवावी, याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात करीत आहोत.

समितीचे स्वरूप

विभागवार स्थायी समित्यांची पद्धत आपल्या संसदेत १९९३ साली सुरू झाली. त्या वेळी अशा १७ समित्या होत्या. २००४ साली त्यांची संख्या २४ करण्यात आली. प्रत्येक समितीत ३१ सदस्य असतात. त्यांपैकी २१ लोकसभेचे व १० राज्यसभेचे. मंत्री या समितीचा सदस्य होऊ शकत नाही. आरोग्य व कुटुंबकल्याण विषयाची समिती राज्यसभेच्या सभापतींच्या अखत्यारीत येते आणि आयुष मंत्रालयाचा कारभारही तिच्याच कक्षेत आहे. मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्या तपासणे, सोपविलेल्या विधेयकांचा विचार करणे, वार्षिक अहवाल व दीर्घकालीन धोरणे पाहणे ही तिची कामे होत. मंत्रालयाच्या दैनंदिन प्रशासनात मात्र ती लक्ष घालत नाही.

विधेयक समितीकडे गेले, की सामान्यतः वृत्तपत्रांत जाहिरात देऊन जनतेकडून व संस्थांकडून लेखी निवेदने मागविली जातात. मंत्रालयाचे सचिव, व्यावसायिक संघटना, तज्ज्ञ यांच्या साक्षी होतात. त्यानंतर कलमवार विचार होऊन अहवाल तयार होतो. एखाद्या सदस्याला तो मान्य नसेल तर त्याची भिन्नमतपत्रिका अहवालास जोडली जाते. समितीच्या शिफारशी शासनावर बंधनकारक नसतात. त्यांचे मूल्य सल्ल्याचे आहे. तथापि या सल्ल्याचे वजन किती असू शकते, हे पुढील प्रकरणावरून ध्यानी येईल.

२०१६ ते २०१९ : एका विधेयकाचा प्रवास

मार्च २०१६ मध्ये प्रा. रामगोपाल यादव यांच्या अध्यक्षतेखालील आरोग्यविषयक स्थायी समितीने भारतीय वैद्यक परिषदेच्या कारभारावर आपला ९२वा अहवाल संसदेच्या पटलावर ठेवला. परिषदेची रचना, महाविद्यालयांच्या तपासणीची पद्धत, व्यावसायिक नीतीच्या अंमलबजावणीतील शैथिल्य आणि खासगी महाविद्यालयांतील देणगीचा व्यवहार यांवर त्यात कठोर शब्दांत टीका होती. त्यानंतर दोनच महिन्यांनी, २ मे २०१६ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मॉडर्न डेंटल कॉलेज प्रकरणी निकाल दिला. त्या निकालात या अहवालाची दखल घेऊन न्यायालयाने माजी सरन्यायाधीश न्या. लोढा यांच्या अध्यक्षतेखाली परिषदेवर देखरेख समिती नेमली. खासगी व्यावसायिक महाविद्यालयांच्या प्रवेशाचे व शुल्काचे नियमन करणारा मध्य प्रदेशाचा कायदाही त्याच निकालाने वैध ठरविला. समितीचा कागद न्यायालयाच्या निकालात कसा उतरतो, याचे हे ठळक उदाहरण होय.

यातूनच पुढे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे विधेयक आले. ते २९ डिसेंबर २०१७ रोजी लोकसभेत मांडले गेले. त्याच्या ४९व्या कलमाने आपल्या व्यवसायात एकच खळबळ उडविली. नवा आयोग, केंद्रीय होमिओपॅथी परिषद आणि भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषद यांची संयुक्त बैठक व्हावी, आणि उपस्थित सर्वांच्या होकाराने आयुर्वेद व होमिओपॅथीच्या व्यावसायिकांसाठी असा सेतू अभ्यासक्रम मंजूर करता यावा, की ज्यायोगे त्यांना विहित मर्यादेत आधुनिक औषधे लिहून देता येतील, अशी त्यात तरतूद होती. २ जानेवारी २०१८ रोजी आधुनिक वैद्यकाच्या राष्ट्रीय संघटनेने देशभर बाह्यरुग्णसेवा बंद ठेवून या विधेयकाचा निषेध केला. त्यानंतर विधेयक स्थायी समितीकडे गेले.

समितीने आपला १०९वा अहवाल २० मार्च २०१८ रोजी सादर केला आणि अवघ्या आठ दिवसांनी, २८ मार्च रोजी, केंद्रीय मंत्रिमंडळाने विधेयकातील दुरुस्त्या मान्य केल्या. त्यांतील चार गोष्टी आपल्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत.

पहिली, सेतू अभ्यासक्रमाची. तो अनिवार्य करू नये, परंतु राज्य शासनांनी आपापल्या ग्रामीण आरोग्यसेवेची गरज पाहून आयुष व्यावसायिकांसह उपलब्ध आरोग्यकर्मींची क्षमता वाढविण्याचे उपाय योजावेत, असे समितीने सुचविले. मंत्रिमंडळाने सेतू अभ्यासक्रमाची तरतूद वगळली. राज्यांचा उल्लेख येथे सहज आलेला नाही. डॉ. मुख्तियार चंद प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १९९८ सालीच स्पष्ट केले आहे, की भारतीय वैद्यकाच्या व्यावसायिकाला आधुनिक औषधे लिहिण्याचा अधिकार राज्याच्या कायद्याने दिला असेल तेथेच आणि तेवढ्याच मर्यादेत असतो. महाराष्ट्रातील आपल्या बांधवांना या वाक्याचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

दुसरी, परीक्षेची. पदवीनंतर व्यवसायाच्या परवान्यासाठी स्वतंत्र परीक्षा घेण्याऐवजी अंतिम वर्षाचीच परीक्षा देशभर समान करावी, ही समितीची सूचना मान्य झाली.

तिसरी, शुल्काची. मूळ विधेयकात खासगी महाविद्यालयांतील जास्तीत जास्त ४० टक्के जागांच्या शुल्कासाठी आयोगाने मार्गदर्शक तत्त्वे ठरवावीत, असे होते. समितीने किमान ५० टक्के जागांचा आग्रह धरला आणि ज्या राज्यांत शुल्कनियमनाची यंत्रणा आधीपासून आहे तेथे ती दुबळी होऊ नये, असेही नोंदविले. दुरुस्तीत ४० चे ५० झाले. त्याच तरतुदीच्या आधारे आयोगाने ३ फेब्रुवारी २०२२ रोजी, खासगी महाविद्यालयांतील ५० टक्के जागांचे शुल्क त्या राज्यातील शासकीय महाविद्यालयाइतके असावे, असे मार्गदर्शन जारी केले. त्यावर पुढे न्यायालयीन वाद झाले, ही गोष्ट निराळी. एका आकड्यातील दहा टक्क्यांचा फरक किती घरांच्या जमाखर्चात उतरतो, हे यावरून दिसते.

चौथी, दंडाची. निकष न पाळणाऱ्या महाविद्यालयास एका पूर्ण तुकडीच्या एकूण शुल्काच्या निम्म्यापासून दहापटीपर्यंत आर्थिक दंड करण्याची तरतूद मूळ विधेयकात होती. अशा दंडाने लहान संस्था बंद पडली असती आणि मोठ्या संस्थेने तो विद्यार्थ्यांकडून वसूल केला असता. तिच्या जागी निरनिराळ्या शिक्षांचे पर्याय आले. अखेरच्या कायद्यात ताकीद, आर्थिक दंड, प्रवेशक्षमतेत कपात, प्रवेशबंदी आणि मान्यता काढून घेण्याची शिफारस, अशी मात्रा क्रमाने वाढत जाते.

सोळाव्या लोकसभेच्या विसर्जनाबरोबर ते विधेयक व्यपगत झाले. २२ जुलै २०१९ रोजी नवे विधेयक मांडले गेले आणि पुन्हा समितीकडे न जाता ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात संमतही झाले. ५० टक्क्यांची तरतूद त्यात टिकून राहिली. परंतु मर्यादित परवान्याचा ‘सामुदायिक आरोग्य सेवक’ हा नवा वर्ग त्यात अवतरला. या नव्या तरतुदीची समितीपुढे कलमवार चिकित्सा झाली नाही. ज्या कलमाची चिकित्सा झाली आणि ज्याची झाली नाही, अशी दोन्ही उदाहरणे एकाच कायद्यात शेजारी शेजारी आहेत.

आपल्या घरचा कायदा

भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेचा कायदा १९७० चा. २००३ च्या दुरुस्तीने नवे महाविद्यालय काढणे, प्रवेशक्षमता वाढविणे किंवा नवा अभ्यासक्रम सुरू करणे यांसाठी केंद्र शासनाची पूर्वपरवानगी आवश्यक झाली. त्यानंतरची अनेक वर्षे परवानगी, नकार, न्यायालयीन स्थगिती आणि लांबलेले प्रवेश या चक्रात गेली. उशिरा प्रवेश म्हणजे अपुरे सत्र आणि अपुरे शुल्क. या दोहोंची झळ शिक्षणाला बसली.

भारतीय चिकित्सा पद्धती राष्ट्रीय आयोगाचे विधेयक ७ जानेवारी २०१९ रोजी राज्यसभेत मांडले गेले. आयुष खात्याचे तत्कालीन राज्यमंत्री गोव्याचे श्री. श्रीपाद नाईक होते. हे विधेयक स्थायी समितीकडे गेले आणि तिचा ११५वा अहवाल नोव्हेंबर २०१९ मध्ये आला. पुढे १८ मार्च २०२० रोजी राज्यसभेने आणि १४ सप्टेंबर २०२० रोजी लोकसभेने ते संमत केले. दरम्यान एप्रिल २०२० मध्ये अध्यादेशाद्वारे जुनी परिषद बरखास्त होऊन नियामक मंडळ नेमले गेले होते. नवा आयोग ११ जून २०२१ पासून अस्तित्वात आला.

या आयोगाखाली चार स्वायत्त मंडळे आहेत : आयुर्वेद मंडळ, युनानी, सिद्ध व सोवा-रिग्पा मंडळ, मूल्यांकन व मानांकन मंडळ, आणि नीती व नोंदणी मंडळ. योग व निसर्गोपचार यांसाठीही स्वतंत्र मंडळ असावे, अशी समितीची शिफारस होती. अंतिम कायद्यात ते नाही. समितीचे सर्वच म्हणणे मान्य होते असे नाही, हे येथे स्पष्ट दिसते. तरीही न मानलेली शिफारस वाया जात नाही. ती अहवालात कायम राहते आणि पुढील दुरुस्तीच्या वेळी तिचा आधार घेता येतो.

वर उल्लेखिलेली शिक्षांची मात्रा आपल्या मूल्यांकन मंडळाच्या हातीही आहे. म्हणजे एका विधेयकाच्या चर्चेतून घडलेली तरतूद दुसऱ्या कायद्यातही स्थिरावली. यास्तव दुसऱ्या वैद्यकशाखेचे विधेयक समितीपुढे असताना आपण स्वस्थ बसणे परवडणारे नाही.

महाविद्यालयाचा जमाखर्च

आता ज्या विषयावर आपल्या सभांत सहसा उघड बोलले जात नाही, त्याकडे वळू. खासगी महाविद्यालयाने किती शुल्क घ्यावे, हा प्रश्न तीन दशकांहून अधिक काळ न्यायालयांपुढे आहे. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालाने मोफत व सशुल्क जागांची योजना घालून दिली. २००२ च्या टी.एम.ए. पै निकालाने ती रद्द करून संस्थांना शुल्क ठरविण्याचे स्वातंत्र्य दिले, पण नफेखोरी व देणगी निषिद्ध मानली. २००३ च्या इस्लामिक अकॅडमी निकालाने राज्याराज्यांत शुल्क समित्या आल्या. महाराष्ट्रातूनच गेलेल्या पी. ए. इनामदार प्रकरणात सात न्यायमूर्तींच्या पीठाने २००५ साली नफेखोरी रोखण्यासाठीचे नियमन योग्य ठरविले. आपल्या राज्यात देणगीबंदीचा कायदा १९८७ चा आहे, आणि २०१५ च्या कायद्यान्वये विनाअनुदानित खासगी व्यावसायिक महाविद्यालयांसाठी शुल्क नियामक प्राधिकरण काम करते. आयुर्वेद महाविद्यालयेही त्याच्या कक्षेत येतात.

या साऱ्या निकालांचे सार एका वाक्यात सांगता येते : खर्च भागेल आणि संस्थेची वाढ होईल इतके वाजवी आधिक्य ठेवून शुल्क घ्यावे, त्याहून अधिक नको. म्हणजे शुल्काचा पाया महाविद्यालयाचा प्रत्यक्ष खर्च हा आहे. साहजिकच खर्चाचा कागद खरा असणे ही या रचनेची पहिली अट ठरते.

आयुर्वेद महाविद्यालयाच्या खर्चाचे स्वरूप पाहू. २०१६ च्या निकषांनुसार ६० प्रवेशक्षमतेच्या महाविद्यालयास किमान ३० पूर्णवेळ शिक्षक, ६० खाटांचे रुग्णालय, खाटांपैकी ४० टक्के भरलेल्या असणे आणि बाह्यरुग्ण विभागात दररोज सरासरी १२० रुग्ण असणे आवश्यक होते. १०० प्रवेशक्षमतेस किमान ४५ शिक्षक लागत. आता आयोगाचे २०२४ चे निकष लागू आहेत, पण खर्चाचे गणित समजून घेण्यास जुने आकडे पुरेसे आहेत. समजा, ६० पैकी १२ जागा रिक्त राहिल्या. त्या तुकडीचे शुल्कउत्पन्न पाचव्या हिश्श्याने घटले, आणि ही घट त्या तुकडीच्या साडेचार वर्षांच्या अभ्यासक्रमभर चालणार. शिक्षकांची किमान संख्या मात्र ३०च राहते, खाटा ६०च राहतात. उत्पन्न जागांप्रमाणे हलते, खर्च हलत नाही.

मग काटकसर कोठे होते? प्रथम रुग्णालयाच्या औषधखरेदीत, मग आंतररुग्णांच्या आहारात व पंचकर्माच्या साहित्यात, मग शिक्षकांच्या वेतनात. शेवटी शिक्षक कागदावर राहतो आणि रुग्णही नोंदवहीतच वाढतात. या रोगाची लक्षणे आपल्या व्यवसायात कोणाला अपरिचित नाहीत. परिणाम मात्र विद्यार्थ्याला भोगावा लागतो : ज्याने पूर्ण शुल्क भरले, त्याने पुरेसे रुग्ण पाहिलेच नाहीत. कर्जाचा बोजा आणि अनुभवाचा अभाव दोन्ही घेऊन तो व्यवसायात उतरतो.

रिक्त जागांवर उपाय म्हणून प्रवेशाची गुणमर्यादा शिथिल करावी, असा युक्तिवाद स्वयंअर्थसाहाय्यित महाविद्यालयांच्या एका महासंघाने केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २० फेब्रुवारी २०२० रोजी तो अमान्य केला. जागा भरण्यासाठी गुणवत्तेचा किमान दर्जा खाली आणता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. तो आम्हास योग्य वाटतो. पण त्यामुळे जमाखर्चाचा प्रश्न सुटत नाही, तो केवळ योग्य ठिकाणी परत येतो. दर्जा राखायचा, शुल्क आवाक्यात ठेवायचे आणि रुग्णालय खऱ्या रुग्णांनी चालवायचे, तर पैसा कोठून यावा, याचे उत्तर कायदा करणाऱ्यांना द्यावेच लागेल. समितीपुढे हा प्रश्न मांडता येतो, कारण तीच समिती आयुष मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्याही तपासते. राष्ट्रीय आयुष अभियानाचा निधी राज्यांनी किती खर्च केला, उपयोगिता प्रमाणपत्रे वेळेवर का आली नाहीत, हे प्रश्न त्याच टेबलावर विचारले जातात. कायदा आणि पैसा यांचा एकत्र विचार करणारी अशी दुसरी जागा नाही.

एकाच व्यवसायातील दोन हितसंबंध

येथे एक अवघड गोष्ट स्पष्टपणे मांडणे आम्ही कर्तव्य समजतो. आपल्या संघटनांत महाविद्यालयांचे संचालक आहेत, शिक्षक आहेत, काल-परवा पदवी घेतलेले तरुण वैद्य आहेत आणि आपल्या पाल्याला आयुर्वेदाला पाठविणारे पालकही आहेत. शुल्काच्या प्रश्नावर या सर्वांचे हित एक नाही. संचालकाला शुल्क वाढावेसे वाटते, पालकाला ते कमी हवे असते, शिक्षकाला वेतन नियमित हवे असते. ‘समस्त आयुर्वेद जगताचे म्हणणे’ असे मथळे देऊन सर्वांच्या नावे एकच निवेदन पाठविले, की त्यात कोणाचेच नेमके म्हणणे उरत नाही. गौरवाचे शब्द तेवढे उरतात. समितीचे सदस्य अशी शेकडो निवेदने पाहतात. दोन बाजू असतील तर त्या दोन निवेदनांत याव्यात. शिक्षकांनी वेतनाचे म्हणणे वेगळे मांडावे, संस्थांनी खर्चाचे वेगळे. परस्परविरोधी असली तरी खरी माहिती समितीच्या उपयोगी पडते.

फार्मसीचालकांचा संबंध

फार्मसीचालक बंधूंना हा विषय दूरचा वाटण्याचा संभव आहे. परंतु शिकाऊ रुग्णालय हे शास्त्रोक्त कल्पांचे स्थिर ग्राहक असते आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे भावी वैद्याला काढा, आसव, घृत, गुग्गुळ कल्प यांची ओळख तेथेच होते. ज्या विद्यार्थ्याने रुग्णालयात पाच-दहा कल्पांपलीकडे काही वापरलेले पाहिले नाही, तो पुढे व्यवसायात तेवढेच लिहितो. महाविद्यालयाच्या औषधखरेदीतील काटकसर अशा रीतीने पुढील तीस वर्षांच्या मागणीला कात्री लावते.

औषध कायद्याचा इतिहासही समितीशी निगडित आहे. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात आमूलाग्र बदल करणारे विधेयक २००७ साली आले व समितीने २००८ साली त्यावर अहवाल दिला. त्यानंतर २०१३ साली दुसरे विधेयक आले, तेही समितीकडे गेले आणि २०१६ साली ते मागे घेण्याचा निर्णय झाला. दोन्ही विधेयके कायदा होऊ शकली नाहीत. मात्र त्या अहवालांतील टीका व सूचना पुढील प्रत्येक मसुद्याच्या वेळी पुन्हा चाळल्या जातात. आज लिहिलेल्या निवेदनाचे फळ दहा वर्षांनीही मिळू शकते.

निवेदन कसे असावे

समितीपुढील निवेदनास काही पथ्ये आहेत. जाहिरातीतील मुदत बहुधा अल्प, पुष्कळदा पंधरा दिवसांची असते. म्हणून सिद्धता आधीपासून हवी. भाषा हिंदी किंवा इंग्रजी लागते. आपला मूळ विचार मराठीत पक्का करून मग अनुवाद करावा. प्रत्येक मुद्द्यास कलमाचा क्रमांक, त्यातील सध्याचे शब्द, त्यामुळे येणारी अडचण, सुचविलेले पर्यायी शब्द आणि त्याला आधारभूत माहिती, असा क्रम ठेवावा. ‘हे कलम अन्यायकारक आहे’ एवढे म्हणून थांबू नये. त्या जागी काय असावे ते लिहून द्यावे. प्रत्यक्ष साक्ष देण्याची इच्छा असल्यास तसे निवेदनातच नमूद करावे लागते. समितीस पाठविलेले निवेदन तिच्या दप्तराचा भाग होते. ते परस्पर प्रसिद्ध करणे उचित नाही.

आधारभूत माहिती हा या पथ्यांतील सर्वांत दुर्लक्षित भाग होय. प्रत्येक जिल्हा शाखेने आपल्या परिसरातील महाविद्यालयांच्या रिक्त जागा, प्राधिकरणाने ठरविलेले शुल्क, शिक्षकांच्या वेतनाची नियमितता, रुग्णालयातील खरी रुग्णसंख्या आणि औषधखरेदी यांची वर्षवार नोंद ठेवावी. व्यक्तीचे वा संस्थेचे नाव न घेताही अशी नोंद उपयोगी पडते. तीन वर्षांची खरी आकडेवारी असलेले चार पानी निवेदन, भावनेने ओथंबलेल्या चाळीस पानांहून अधिक काम करते.

मर्यादा आणि अपेक्षा

समितीकडून अवास्तव अपेक्षा ठेवणे मात्र बरे नव्हे. तिचे म्हणणे शासनावर बंधनकारक नाही, हे वर आलेच आहे. त्यातही विधेयके समितीकडे पाठविण्याचे प्रमाण घटले आहे. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेच्या नोंदीनुसार पंधराव्या लोकसभेत सुमारे ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती. सतराव्या लोकसभेत हे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवर आले. जी चिकित्सा पूर्वी नियमाने होत असे, ती आता अपवादाने होते. म्हणून आपल्या व्यवसायाशी संबंधित विधेयक मांडले जाताच ते समितीकडे पाठवावे, अशी मागणी हीच आपली पहिली मागणी असावयास हवी. कलमाच्या बाजूने असलेल्यांनी आणि विरोधात असलेल्यांनी, दोघांनीही ती करावी. ती कोणाच्याच विरोधात जात नाही.

दुसऱ्या बाजूस समितीच्या अहवालाचे मोल न्यायालयात वाढले आहे. कल्पना मेहता प्रकरणी ९ मे २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निर्णय दिला, की संसदीय समितीचा अहवाल न्यायालयीन कामात विचारात घेता येतो. मात्र त्याच्या वैधतेला तेथे आव्हान देता येत नाही. म्हणजे आपली अडचण समितीच्या अहवालात नोंदली गेली, तर पुढे न्यायालयाच्या दारातही तो कागद हाती असतो.

व्याधीची चिकित्सा करताना आपण प्रथम परीक्षा करतो, मग निदान, मग औषधयोजना. कायद्याच्या बाबतीत आपला व्यवसाय पुष्कळदा थेट औषधाचीच मागणी करतो. परीक्षेची साधने, म्हणजे खरे आकडे, खरे जमाखर्च आणि कलमांचे बारकाईने केलेले वाचन, ही आपल्याच हाती आहेत. येत्या काळात आयोगाच्या कायद्यात दुरुस्त्या येतील, शुल्काचे प्रश्न पुन्हा उभे राहतील, औषध कायद्याचे नवे मसुदे येतील. त्या वेळी पंधरा दिवसांच्या मुदतीत लिहावयाचा कागद आज वर्षभर जमविलेल्या नोंदींवरच उभा राहील. सर्व शाखांनी आपापल्या आगामी सभेच्या विषयपत्रिकेवर या नोंदींचा विषय घ्यावा आणि त्यासाठी एका जबाबदार सदस्याची नियुक्ती करावी, अशी आमची सर्व वैद्यबंधू-भगिनींना व फार्मसीचालकांना आग्रहाची विनंती आहे.